मध्यम बांध्याचे आजोबा

मराठी माणूस दुसऱ्या माणसाचं रीतसर वर्णन पूर्वी दोनच प्रसंगी करायचा. तो हरवला तर, किंवा त्याचं लग्न जमवायचं असलं तर. पहिल्या वर्णनात 'रंग सावळा, बांधा मध्यम, चेहरा उभट, नाक सरळ, अंगात पांढरा शर्ट' असं छापून यायचं, आणि त्यावरून कोण कोणाला सापडलं हे पोलिसांनाच माहीत. दुसऱ्यात 'निर्व्यसनी, सुस्वभावी, उच्चविद्याविभूषित, पुण्यात स्वतःचा ब्लॉक' असं असायचं, आणि लग्नानंतर त्यातला ब्लॉक तेवढा खरा निघायचा.

आता तिसरा प्रसंग आला आहे. परदेशी जायचं असलं तर.

ज्यांच्या घरात बारावीच्या पुढचं एखादं मूल आहे त्यांना आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा म्हणजे काय हे सांगायला नको. गल्लीतल्या फलकांवर तिला 'आयेल्ट्स' म्हणतात. १९८९ पासून ही परीक्षा सुरू आहे, फी आपल्या रुपयांत १७-१८ हजारांच्या घरात जाते आणि निकाल साधारण दोन वर्षं ग्राह्य धरतात. म्हणजे तुम्हाला इंग्रजी येतं हे दोन वर्षांपुरतं खरं. पुढे ते दुधासारखं नासतं असं समजायचं आणि पुन्हा फी भरायची.

हिच्यातला बोलण्याचा भाग ११ ते १४ मिनिटांचा. मध्येच परीक्षक हातात एक कार्ड ठेवतो, कागद-पेन्सिल देतो आणि विचार करायला एक मिनिट देतो. कार्डावर कधी वस्तू असते, कधी जागा असते आणि बऱ्याचदा माणूस असतो. तुम्हाला ज्याच्याबद्दल आदर वाटतो असा माणूस, लहानपणीचा मित्र, मदतीला धावणारा शेजारी. त्याच्याबद्दल जास्तीत जास्त दोन मिनिटं बोलायचं.

दोन मिनिटांत माणूस! आमच्याकडे माणूस सांगायला बसलं की आधी त्याचं गाव येतं, मग त्या गावाचा फाटा, फाट्यावरचं हॉटेल, हॉटेलवाल्याचा साडू, त्या साडूने १९८४ साली घेतलेली राजदूत. ज्याच्याबद्दल बोलायचं तो माणूस दुसऱ्या चहाला प्रवेश करतो. पु. लं.चा अंतू बर्वा या परीक्षेला आणला असता तर तो पायरीवर नीट टेकायच्या आतच परीक्षकाने 'थँक यू' म्हणून कार्ड काढून घेतलं असतं.

आमच्या भागातल्या एका क्लासने यावर जालीम उपाय काढला आहे. पूर्वी झाडून सगळी मुलं सचिन तेंडुलकर सांगायची, नाहीतर अब्दुल कलाम. परीक्षक कंटाळतील म्हणून सरांनी दोघांवर बंदी घातली आणि सगळ्या बॅचला मिळून एक आजोबा करून दिले. हे आजोबा मध्यम बांध्याचे आहेत. केस काळे-पांढरे, चेहऱ्यावर सदैव हसू. पहाटे पाचला उठतात, पेपर वाचतात, झाडं लावतात आणि संकटात असलेल्या कोणालाही पाठीशी घालत नाहीत, तर 'पाठीशी उभे राहतात'. शिवाय त्यांनी गावच्या शाळेला जमीन दान दिली आहे. गेल्या काही बॅचेसच्या आजोबांनी दान दिलेली जमीन एकत्र मोजली तर महाराष्ट्रात नांगरायला एकर उरणार नाही. आता परीक्षक आजोबांना कंटाळले की सर एखादी मावशी काढतील.

यात सरांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. गुण, म्हणजे तिथल्या भाषेत 'बँड', चार गोष्टींना आहेत: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. खरेपणा त्या यादीत नाही. परीक्षकाला तुमच्या आजोबांना भेटायला यायचं नाही. त्यांचं 'हॅज बीन' नीट लागलं की तो समाधानी असतो.

आमचा भाचा या क्लासला जातो. त्याला स्वतःचे आजोबा आहेत. त्यांनी सख्ख्या भावावर शेताच्या बांधावरून दावा लावला होता आणि तो उभी हयात चालला. तारखेच्या दिवशी दोघे भाऊ एकाच एसटीने तालुक्याला जायचे, एकाच बाकावर बसायचे, कोर्टातून सुटले की एकाच गाडीवर भजी खायचे. एकाने पैसे दिले की पुढच्या तारखेला दुसरा द्यायचा. बोलायचे मात्र नाहीत. भाच्याने ही हकिगत हौसेने क्लासमध्ये सांगितली. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चांगलं आहे, पण यात तुझा टेन्स चुकेल. तू आपले मध्यम बांध्याचे घे."

तसं पाहिलं तर याची पेरणी शाळेतच होते. 'माय बेस्ट फ्रेंड' या विषयावर दहा ओळी लिहिताना मित्र उंच आणि गोरा, त्याचे वडील डॉक्टर, आई गृहिणी. वर्गातल्या साठ मुलांचे साठही मित्र उंच आणि गोरे, तर मग वर्गात बसायचं कोण, हा प्रश्न कोणत्याही गुरुजींना पडला नाही. २००० सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून आलं, त्यामुळे हा उंच आणि गोरा मित्र चार वर्षं लवकर भेटू लागला एवढाच फरक.

क्लासमध्ये माणसाच्या वर्णनाचा एक खास तक्ता आहे. जाड माणसाला जाड म्हणायचं नाही, 'अंमळ भारदस्त' अशा अर्थाचं काहीतरी म्हणायचं. टकल्याचे केस 'विरळ होत चाललेले' असतात, त्याचा एक केस शिल्लक नसला तरी. म्हातारा कोणीच नसतो. हे शिकायला मुलांना फार जड जातं, कारण ती ज्या घरांतून येतात तिथे आत्या उंबऱ्यावर पाऊल ठेवताच "काय रे, किती वाळलास! पाप्याचं पितर झालास की" असं भाच्याच्या तोंडावर सांगते आणि त्याला माया म्हणतात. किडकिडीत, काटकुळा, शेलाटा, सडसडीत, उंचापुरा, थोराड, गुटगुटीत, ठेंगणाठुसका, आडव्या अंगाचा. इतकी श्रीमंती घरात असताना पोरं वर्गात बसून 'मीडियम बिल्ट' घोकतात.

विशेषणांचा क्रमही पाठ करून घेतात. आधी आपलं मत, मग आकार, मग वय, घडण, रंग, मूळ ठिकाण, आणि सगळ्यात शेवटी ते कशाचं बनलंय ते. इंग्रजांना हा नियम कोणी शिकवत नाही, तरी त्यांच्या तोंडून तो आपोआप पाळला जातो. मला मात्र हा नियम अस्सल मराठी वाटतो. माणूस अजून पुरता दिसलेला नसतो तेव्हाच आपलं त्याच्याबद्दलचं मत तयार असतं.

पण बोलणं सोपं. ऐकण्यात खरी परीक्षा आहे.

चाळीस प्रश्न, साधारण अर्धा तास, आणि ध्वनिफीत एकदाच वाजणार. पहिल्या भागात कोणीतरी कोणालातरी फोन करतं. खोली भाड्याने हवी असते, नाहीतर पोहण्याच्या तलावाचं सभासद व्हायचं असतं. पलीकडच्या बाईला कसलीही घाई नसते. ती नाव विचारते. माणूस आडनाव सांगतो आणि एकेक अक्षर सुटं करून देतो. मग फोन नंबर सांगतो, मग म्हणतो, माफ करा, हा माझा जुना नंबर, आणि नवा सांगतो. बाई रागावत नाही. कोणी कोणाला मध्येच तोडत नाही. मागे कुकरची शिट्टी नाही, रिक्षा नाही, "हॅलो, आता येतोय का आवाज?" नाही. अशी दोन माणसं जगात कुठे राहतात याचा पत्ता मिळाला तर मीही तिथे खोली घेईन.

मराठी कान या बाबतीत जन्मजात तयार असतो. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढून घेता घेता आमची माणसं डावीकडचं वाटणीचं, उजवीकडचं बदलीचं आणि समोरचं मोडलेल्या सोयरिकीचं अशी तीन संभाषणं एका वेळी ऐकतात आणि घरी येऊन तिन्ही बिनचूक सांगतात. भिंतीपलीकडचं भांडण मुद्द्यांसकट लक्षात ठेवणाऱ्या घरातलं हे मूल तिसऱ्या भागात गार पडतं. तिथे दोन-तीन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक प्रकल्पाची चर्चा करत असतात आणि कोणीच चिडलेलं नसतं. राग नसला की आमच्या पोरांना कोण बोलतंय हे ओळखूच येत नाही.

सरांचा मंत्र एकच. "पहिलं उत्तर खरं नसतं. थांबा. दुरुस्ती येणार." भाच्याने तो इतका मनावर घेतला की आईने साखर आणायला सांगितली तर पिशवी घेऊन दारात थांबून राहिला.

"अरे, उभा काय राहिलास?"

"दुरुस्ती येईल."

"साखर राहू दे, गूळच आण," बहीण म्हणाली. तेव्हापासून सरांच्या पद्धतीवर तिचाही विश्वास बसला आहे.

'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' अशीही एक अट असते. उत्तर बरोबर पण तीन शब्दांत, म्हणजे चूक. या एका कलमाखाली आमच्याकडचे झाडून सगळे समारंभाध्यक्ष शून्यावर बाद होतील.

भाच्याचे ते दावेवाले आजोबा मात्र इंग्रजी ऐकायचे. रेडिओला कान लावून. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतली वाक्यं त्यांनी शाळेत पाठ केली होती, ती आयुष्यात एकदाही उपयोगी पडली नाहीत. पण १९७१ साली ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले, तेव्हा खरखरीतून येणाऱ्या त्या इंग्रजी समालोचनातला चेंडू कुठे पडला, कुठे वळला, सोलकरने झेल कुठे घेतला, हे त्यांना सगळं दिसलं होतं. ऐकण्याची गरज आतून होती. रिकाम्या जागा भरायच्या नव्हत्या. त्यांना कोणी बँड दिला नाही आणि त्यांनी तो मागितलाही नाही.

खरी गंमत विमानातून उतरल्यावर होते. इंग्रज माणूस वाक्यातल्या दोन शब्दांवर जोर देतो आणि उरलेले गिळतो. आपण मराठीत प्रत्येक अक्षराला थोडीफार जागा ठेवतो. त्यामुळे 'डिड यू ईट येट' हे समोरून 'जीचेट' असं येतं, आणि आपलं मूल जीचेट हे कोणाचं आडनाव असेल याचा विचार करत राहतं. स्पेलिंगची वाट बघतं. ते येत नाही. गौरी शिंदे यांच्या 'इंग्लिश विंग्लिश' या २०१२ सालच्या चित्रपटात शशी गोडबोलेची न्यूयॉर्कच्या कॉफीच्या दुकानात जी त्रेधा उडते ती बोलता येत नाही म्हणून कमी आणि पलीकडून येणारे प्रश्न पकडता येत नाहीत म्हणून जास्त. कॉफी मागणं एका वाक्याचं काम. मग कोणती, केवढी, दूध कसलं, अशी सरबत्ती सुरू होते. त्या बाईपाशी लाडू होते, आमच्या मुलांपाशी साडेसहा बँड असतात. काउंटरवर दोन्ही चालत नाहीत.

आणि नर्सेसचं काय सांगावं? ब्रिटनमध्ये नोंदणी हवी तर ऐकणं, बोलणं, वाचणं यांत प्रत्येकी ७ आणि लिहिण्यात ६.५ लागतात. सांगली-मिरजेकडच्या सरकारी दवाखान्यात काम केलेली सिस्टर घ्या. 'पोटात कसंतरीच होतंय', 'जीव घाबराघुबरा होतोय', 'अंगातून वारं गेल्यागत वाटतंय' या तक्रारींवरून माणसाचं कुठे दुखतंय हे ती बरोब्बर ओळखते. तिला तुम्ही तलावाच्या सभासदत्वावर ७ आणायला बसवता. ती आणते. मग ग्लासगोला एखादा म्हातारा पेशंट 'पीली-वॉली' वाटतंय म्हणतो. हा शब्द कुठल्याच क्लासच्या तक्त्यात नसतो. ती त्याच्या तोंडाकडे बघते, पांढरा पडलाय हे तिला दिसतं आणि नाडी धरते. काम झालं. पण असं तोंडाकडे बघून उत्तर काढणं परीक्षेत चालत नाही, कारण तिथे तोंडच नसतं, हेडफोन असतो.

भाच्याला साडेसहा मिळाले. मध्यम बांध्याच्या आजोबांनी तारलं. आता तो लीड्सला आहे आणि पहिल्या महिन्यातच त्याने सरांना फोन केला की इथल्या घरमालकाचं काही म्हणजे काही समजत नाही, तो भाडं वाढवतोय की तब्येत विचारतोय हेही कळत नाही. सर हाडाचे शिक्षक. त्यांनी तक्रार मनावर घेतली आणि पुढच्या बॅचपासून 'परदेशातील प्रत्यक्ष संभाषण' असा नवा कोर्स जाहीर केला. फी वेगळी, जुन्या विद्यार्थ्यांना दहा टक्के सवलत. ध्वनिफिती सरांनी घरीच केल्या आहेत, खिडक्या लावून आणि पंखा बंद करून. विद्यार्थी तेच झाले आहेत, घरमालकही तेच. मी पहिली फीत ऐकली. घरमालक मध्यम बांध्याचा वाटतो. दार उघडतो, "गुड मॉर्निंग" म्हणतो आणि आडनावाचं स्पेलिंग सांगायला लागतो.