नवा गडी उतरला, आता काय करावे?

सदर मार्गदर्शन सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या अशा उमेदवारांसाठी आहे, जे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकाआड मोबाइल उभा करून ‘पोकेमॉन गो’ खेळतात. (पालकांनी वाचायला हरकत नाही. समजणार नाही.) हा खेळ जगात जुलै २०१६ मध्ये आला आणि भारतात अधिकृतपणे १४ डिसेंबर २०१६ ला, जिओचा हात धरून. मधल्या पाच महिन्यांत ज्यांनी तो आडवाटेने मोबाइलमध्ये उतरवला, ते आज ज्येष्ठ खेळाडू म्हणून मिरवतात आणि “आमच्या वेळी जेमतेम दीडशे प्राणी होते” असं ऐकवतात. त्यांचं ऐकून घ्यावं, पण त्यांच्यासारखं खेळू नये. मूळ मालिकेतल्या जाती आता हजारावर गेल्या आहेत आणि खेळात सतत कुणी ना कुणी नवा दाखल होत असतो. आला नवा की धाव त्याच्यामागे, हे धोरण ज्याचं, त्याचा पराभव ठरलेला. घाई असेल त्यांनी इथेच वाचणं थांबवलं तरी चालेल.

प्रथम वजनी गट. लढतीला तीन प्राणी, दोन ढाली आणि सीपी नावाचं वजन. ग्रेट लीगला १५०० पर्यंत, अल्ट्राला २५०० पर्यंत, मास्टरला मोकळं रान. आपल्या भागात हे शिकवायची वेळ येऊ नये. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडनमध्ये फ्लायवेटला लढले, सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेटला उतरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. गट बदलला की जोड बदलते, हे लाल मातीतलं पोरगंही सांगेल. पण आपला उमेदवार नवा प्राणी पकडतो, त्याचे हल्ला, बचाव आणि दम यांचे गुण तपासतो, तिन्हींत पंधरापैकी पंधरा दिसले की कंदी पेढे वाटतो आणि त्यालाच ग्रेट लीगला जुंपतो. सीपी काढताना हल्ल्याला सर्वांत जास्त भार दिलेला आहे. हल्ला भारी असला की वजन लवकर भरतं, मग बचाव आणि दम वाढवायला जागाच उरत नाही. म्हणून १५०० च्या गटात हल्ल्याला शून्य आणि उरलेल्या दोन्हींना पंधरा मिळालेला गडी बहुधा सरस ठरतो. एका विषयात शून्य मिळवून वर्गात पहिलं यायची सोय इतरत्र कुठेही नाही, याची उमेदवाराने नोंद घ्यावी.

यातूनच भूगोलाचा प्रश्न निर्माण होतो आणि त्यात सातारा जिल्हा देशाला मार्गदर्शक ठरू शकतो. खेळातलं हवामान खऱ्या हवामानावर चालतं. पावसात पाण्याचे प्राणी जोमात असतात आणि असा जोमातला रानटी प्राणी पकडला, तर त्याचा कुठलाही गुण चारच्या खाली येत नाही. म्हणजे हल्ल्याचं शून्य बुडालं. सबब, पाण्याचा प्राणी पकडायला जुलैत महाबळेश्वरला जाणारा उमेदवार अडाणी समजावा. त्याने एसटी धरून माण तालुक्यात दहिवडीला जावं. जिथे माणसाला पाणी मिळायची मारामार, तिथेच पाण्याचा प्राणी कामाचा सापडतो. सांगलीकरांनी याच कारणासाठी जत गाठावं. पुराच्या दिवसांत कृष्णेची पातळी बघायला आयर्विन पुलावर जमणाऱ्या गर्दीत घुसून स्क्रीनवर बोट फिरवू नये. तिथे लोकांचा जीव टांगणीला लागलेला असतो, आणि प्राणीही हलक्या प्रतीचा मिळतो.

आता मुख्य डाव. नवा आला की त्याच्याकडे बघू नका, त्याचा वैरी कोण ते शोधा. जुलै २०१९ च्या कम्युनिटी डेला मडकिप नावाचं पाण्यातलं पिल्लू तीन तास जिकडेतिकडे उगवलं. त्या वेळात त्याला वाढवून स्वॅम्पर्ट केलं की ‘हायड्रो कॅनन’ हा हल्ला मिळायचा. हल्ला स्वस्त आणि जबर. प्राणी जुनाच, पण त्या हल्ल्यासह तो नव्यासारखा उतरला आणि ज्याच्या-त्याच्या संघात जाऊन बसला. स्वॅम्पर्ट पाण्याचा आणि मातीचाही. या दोघांनाही गवत बाधतं, त्यामुळे गवताचा एक मार १.६ पट गुणिले १.६ पट, म्हणजे अडीच पटींहून जास्त लागतो. ज्यांनी मार्च २०१८ च्या कम्युनिटी डेला गवताचा व्हीनसॉर करून ‘फ्रेंझी प्लांट’ हा हल्ला मिळवला होता आणि नंतर त्याला अडगळीत टाकलं होतं, त्यांनी त्याच्यावरची धूळ झटकली. नव्याच्या मागे धावणारे तीन तास घामाघूम झाले. घरी बसलेल्यांचा भाव आपोआप वाढला.

पुढे २०२० मध्ये गलारियन स्टनफिस्क आला. चिखलात पडलेल्या लोखंडी सापळ्यासारखा सपाट, ओंगळ मासा. माती आणि लोखंड एकत्र असल्याने गवताचं त्याच्यापुढे काही चालेना. मातीला ते बोचतं, लोखंडाला बोचत नाही, हिशेब बरोबरीत. पण पाण्याने तो हमखास चितपट होतो. झालं, स्वॅम्पर्टची मागणी पुन्हा वाढली. ती वाढली म्हणून पुन्हा व्हीनसॉरची. मासा एक आला आणि हलले सगळेच. खरा उमेदवार अशा वेळी आठवडाभर एकही लढत न खेळता नुसतं बघत बसतो. घरच्यांना हा आळस वाटतो, पण तो अभ्यास असतो.

कधीकधी तर नवा प्राणी लागतही नाही. २०२० च्या अखेरीस लेव्हलची कमाल ४० वरून ५० झाली. चाळिसाव्या लेव्हलला मेडिचॅम १५०० च्या आतच दमून जायचा. मग तो वजन गाठून थेट पहिल्या फळीत आला. मात्र खुराक विचारू नका. चाळीसवरून पन्नासला न्यायला २९६ एक्सएल कँडी आणि अडीच लाख स्टारडस्ट. साधारण दर तीन महिन्यांनी हंगाम बदलतो आणि कुठल्या हल्ल्याचा दात पडला, कुणाला नवा फुटला, याची यादी येते. ती यादी परीक्षेच्या जाहिरातीइतक्याच गांभीर्याने, तळटीपांसकट वाचावी.

मास्टर लीगविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिथे अक्कल कमी आणि खिसा जास्त लागतो. तिथले दिग्गज रेडमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून करायच्या लढतीत मिळतात आणि रेडला माणसं लागतात. एप्रिल २०२० पासून घरबसल्या रेड करता येऊ लागली आणि पुढे आटपाडीचं पोरगंही टोकियोच्या रेडमध्ये घुसू लागलं. एप्रिल २०२३ मध्ये घरबसल्या रेडचा पास महाग झाला आणि दिवसाला पाचची मर्यादा आली. मग पुन्हा बागेत जमणं आलं. तिथल्या ज्येष्ठांशी संवाद कसा ठेवावा, याचा नमुना:

“काय रं पोरांनो, कुणाची वाट बघताय?”

“अंडं फुटायचंय काका.”

“कशाचं?”

“डायलगाचं.”

“ती कंची कोंबडी?”

इथे काकांना काळ फिरवणाऱ्या देवतेची माहिती देऊ नये. “गावरान हाय” एवढं सांगून मोबाइलकडे वळावं. देवळापाशी तर अंड्याचा विषयच काढू नये. सप्टेंबर २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात खेळातल्या अंड्यांवरून याचिका झाली होती, की पूजास्थानी अंडी मिळाल्याने भावना दुखावतात. आणि तेव्हा हा खेळ भारतात अधिकृतपणे आलाही नव्हता.

शेवटची सूचना सर्वांत कडक. नवा आला त्या आठवड्यात जागा करायची म्हणून जुन्यांना खेळातल्या प्रोफेसर विलोकडे पाठवू नये. मोबदल्यात कँडी मिळते, पाठवलेला गडी परत मिळत नाही. आणि जो पाठवला, नेमका त्याचाच वैरी पुढच्या हंगामात उतरतो. जागा कमीच पडत असेल तर आधी हल्ल्यात पंधरा असलेले काढावेत, त्यातही ज्यांच्यासाठी पेढे वाटले होते ते. ते मास्टर लीगच्या उपयोगाचे असले तर मात्र हात आखडावा, आणि काढण्याआधी घरातल्या धाकट्यांना विचारावं. बहुधा त्यांनी त्याचं नाव ठेवलेलं असतं.