कोयनानगरची शाखा सांगलीला जोडा : नवशिक्यांसाठी सोपी कृती

अभिनंदन! पतसंस्थेच्या बैठकीत 'व्हीपीएन' हा शब्द एकदाच तुमच्या तोंडून निसटला आणि कोयनानगरची नवी शाखा सांगलीच्या सर्व्हरला जोडण्याचं काम तुमच्या गळ्यात पडलं. घाबरू नका. हे काम एकदाही धड न जमलेली माणसं शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झालेली आहेत.

१. आधी उद्घाटन उरकून घ्या. मांडव, फीत, कंदी पेढे, सगळं तारखेला हजर हवं. लाइन मागाहून येईल. अध्यक्ष कॉम्प्युटरचं बटण दाबतील त्या वेळी पडद्यावर काहीतरी दिसलं पाहिजे, म्हणून सांगलीच्या सॉफ्टवेअरचा फोटो काढून वॉलपेपर लावून ठेवा. टाळ्या तेवढ्याच वाजतात.

२. नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजा. सरळ रेषेत जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे तुमची पावती अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास पोचायला हवी. हा हिशोब संचालकांना जरूर सांगा. मधे पेठ नाका आहे, कराड आहे, महामार्गाचं सहापदरीकरण आहे आणि जेसीबी आहे, हे सांगू नका. जेसीबीवाल्याला केबल दिसत नाही असं नाही. तुटल्यावर दिसते.

३. पर्यायी लाइन हवीच, म्हणून दोन कंपन्यांकडून दोन लाइनी घ्या. दोन्ही एकाच चरातून येतायत का, हे विचारून कुणाला अडचणीत आणू नका. बिलं दोन येतात, तेवढा पुरावा पुरे.

४. राउटर खोक्यातून जसा निघाला तसाच लावा. सांगलीचा पत्ता १९२.१६८.१.१, कोयनानगरचाही तोच. आता शाखेनं सर्व्हर मागितला की तिचा कॉम्प्युटर म्हणतो, 'हा तर आपल्याच घरातला नंबर!' आणि व्हीपीएनच्या बोगद्यात शिरायचं सोडून स्वतःच्याच खोलीत शोधत बसतो. तिथं त्या नंबराचा प्रिंटर सापडतो. कॅशिअरनं शिल्लक विचारली आणि प्रिंटर खरखरला, तर समजा जोडणी झाली. फक्त सांगलीशी झाली नाही. दोन्हीकडचे आकडे वेगळे ठेवले की प्रश्न मिटतो, पण तो पहिल्याच दिवशी मिटवणाऱ्याला पगारवाढ मिळाल्याचं ऐकिवात नाही.

५. आता पिंग मारा. उत्तर आलं? लगेच फोटो काढून ग्रुपवर टाका : 'लिंक ओके.' थोड्या वेळात शाखेतून फोन येईल, "सायेब, पासबुक काय उघडंना." गोंधळू नका. बोगद्यातून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर आणखी एक पाकीट चढतं. १५०० बाइटचं भरगच्च पाकीट त्यामुळे दारात अडकतं. पिंगसारखं चिटोरं सुळकन जातं. मर्यादा १४०० वर आणली तर काम होईल. तोवर "बंद करून चालू करा" म्हणत राहा. त्यातही त्यांचे दोन तास छान जातात.

६. सर्व्हर तळमजल्यावरच ठेवा, जिना चढून कोण जातंय! ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. त्यानंतर अनुभवी संस्था शहाण्या होतात आणि सर्व्हर जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवतात. २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं, ते टेबल बघायला.

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. कोयनानगर आणि सांगली यांची जोडणी तुमच्या आधीच झालेली आहे. १०५ टीएमसीच्या धरणातून सोडलेलं पाणी कोयनेतून कराडला येतं, प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि सांगलीत हजर होतं. ना पासवर्ड, ना वार्षिक देखभाल करार. फक्त डाउनलोड होतं, अपलोड नाही. आणि वेग नको इतका.

७. वरचं सगळं फसलं (फसेलच, मन घट्ट करा), तर एसटी आहे. दिवसाचा डेटा १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर घ्या, शिपाईमामांच्या खिशात घाला आणि त्यांना गाडीत बसवा. कराडला गाडी बदलून पाच तास धरले, तरी वेग सेकंदाला ७ मेगाबिट पडतो. तुमची लीज लाइन आहे २ मेगाबिटची. पोचपावतीला तेवढा दुसरा दिवस उजाडतो.

अहवालात 'लाल डबा' लिहू नका, 'ऑफलाइन सिंक' लिहा. आणि मामांजवळ सुट्टे पैसे देऊन ठेवा; मागच्या वेळी कंडक्टरनं त्यांना पाटणलाच उतरवलं, तेव्हा लिंक सव्वा तास डाउन होती.