फुलं सातलाच संपतात

उन्हाळा लागला की ठाणे-डोंबिवलीच्या व्हॉट्सॲप गटांवर एक पोस्टर उगवतं. वर बहाव्याचा पिवळा घोस, खाली 'सह्याद्रीतील उन्हाळी रानफुले : मार्गदर्शकासह निसर्गभ्रमण', त्याखाली माणशी शुल्क आणि तळाला, सगळ्यात ठळक अक्षरांत, 'नाश्ता व जेवण समाविष्ट'. ठिकाण टोकावडे, तालुका मुरबाड.

टोकावडं म्हणजे कल्याण-नगर रस्त्यावरचं ते गाव, जिथं माळशेजला निघालेल्या गाड्या वडापावपुरत्या थांबतात. अशा गावाला कुणीतरी मुद्दाम येतंय, तेही उन्हात, तेही धबधबा नसताना, याचं कौतुक आधीच करून टाकू. कारण २०१२ साली कासच्या पठाराचं नाव जागतिक वारसा यादीत लागलं, तेव्हापासून मराठी माणसाची पक्की समजूत आहे की फुलं सप्टेंबरात येतात, ऑनलाइन बुकिंग करून येतात आणि शनिवार-रविवारी जरा जास्तच येतात. उन्हाळ्यात डोंगर करपलेला, तिथं काय बघायचं?

पुष्कळ. गवत वाळलेलं असतं, झाडं नव्हे. पळस-पांगारा उरकले की मोह, मग बहावा, घाटमाथ्याकडं अंजनीच्या काटक्यांना चिकटलेली निळी-जांभळी फुलं, मे महिन्यात कुडा. सिद्धगडाच्या अंगानं वर चढलं की भीमाशंकर अभयारण्य लागतं. १९८५ सालचं, पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेलं, शेकरूसाठी प्रसिद्ध. (शेकरू न दिसल्यास पैसे परत, असं अजून कुणी छापलेलं नाही. छापतील.)

पंचाईत आहे ती वेळेची. सहाची बस साडेसहाला सुटते. मुरबाडला चहा, टोकावड्याला नाश्ता, मग गोल करून ओळख परेड : नाव, नोकरी, आवडतं फूल. प्रत्यक्ष चालायला लागेपर्यंत दहा वाजतात. मोहाचं फूल रात्री उमलतं, वटवाघळांचा पाहुणचार करतं आणि पहाटे टपाटपा गळून पडतं. उजाडायच्या आत ठाकर, कातकरी, महादेव कोळी बायका टोपल्या घेऊन झाडाखाली हजर. सातपर्यंत सगळा कारभार आटोपलेला. दहा वाजता आपला मार्गदर्शक त्या रिकाम्या झाडाखाली उभा राहून मोहाचं लॅटिन नाव सांगतो, मंडळी वर बघून फोटो काढतात, आणि ज्यांच्यासाठी एवढी बस केली ती फुलं दोनशे पावलांवर एका अंगणात वाळत पडलेली असतात. 'कुणाचं तरी वाळवण दिसतंय' म्हणून मंडळी त्यांना वळसा घालून पुढं जातात.

मग नियम. फूल तोडू नका, पान ओरबाडू नका, मोठ्यानं बोलू नका. नियम चांगलेच आहेत. पण गटातला एक सजग नागरिक हमखास विचारतो, "या बायका टोपल्या भरभरून नेतात, ते चालतं का?" चालतं, साहेब. गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानं दिलाय. मोहाच्या फुलाचं दुखणं आणखी वेगळं. दारूबंदी कायद्याच्या लेखी अंगणात वाळणारं हे फूल म्हणजे दारूचा कच्चा माल. त्याच्या साठ्यावर आणि वाहतुकीवरची बंधनं सरकारनं उठवली ती थेट २०२१ साली. तोवर तुमच्या-आमच्या लेखी जे रानफूल, ते त्या बायकांच्या टोपलीत मुद्देमाल होतं.

मोह वेचण्याआधी झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करायची रीत आहे, त्यातून वणवे लागतात, हेही खरं आणि वाईट. ते टोपलीवाल्या बाईला सांगायलाच हवं. मात्र सांगायचं तर तिच्याशी बोलावं लागेल, आणि ते कार्यक्रमपत्रिकेत नाही.

खरी गंमत मे संपता संपता. वळवाची एखादी सर पडली की जमिनीतून तपकिरी-जांभळे दांडे वर येतात. पान नाही, काही नाही, नुसता दांडा. पान नंतर, पावसाळ्यात. हा दांडा म्हणजे रानसुरणाच्या जातीतल्या एका कंदाचा फुलोरा. म्हणजे उन्हाळी रानफूलच, आणि तेही अस्सल ठाणे जिल्ह्याचं. पण बसमधली मंडळी त्याला बूट चुकवून ओलांडतात, कारण तो पोस्टरवर नसतो. तीच मंडळी सोमवारी कल्याणच्या बाजारात थबकतात : "अय्या, शेवळं आली!" मग घासाघीस करून जुड्या घेतात, बरोबर काकडं मागून घेतात, कारण काकडांच्या आंबटाशिवाय शेवळाची खाज जात नाही. आतला पिवळट खाजरा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरायचं, आणि घर सीकेपी किंवा पाठारे प्रभूंचं असेल तर कोलंबी नाहीतर खिमा घालायचा. जंगलात जे ओळखता आलं नाही ते बाजारात लांबून ओळखू येतं. आपल्या निसर्गप्रेमाची मुळं मंडईत आहेत, यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त मार्गदर्शकानं तेवढं मान्य करावं.

कारवीच्या झुडपाचंही तेच. ती आठेक वर्षांनी फुलते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली, दोन्ही वेळा कॅमेऱ्यांची जत्रा भरली. मधली सात वर्षं तिच्या काठ्या शेणमातीनं लिंपून ठाकराच्या घराचा कूड उभा असतो, तो बघायला कुणी तिकीट काढत नाही.

आता मार्गदर्शकाविषयी. तो शहरातून येतो. सज्जन असतो, पुस्तकं वाचलेला असतो, मोबाइलवरच्या ॲपशी त्याचं चांगलं जमतं. त्याच्यासोबत वाडीवरचा एक पोरगा असतो, त्याचं पद 'स्थानिक सहकार्य'. काम : पाण्याचे कॅन वाहणं आणि वाट दाखवणं. कुठला कुडा औषधाचा, कुठल्याची फुलं भाजीला चालतात, कुठल्या झाडाचा मोह गोड, हे त्याच्या आजीला ठाऊक आहे. आजीला मात्र कुणी बोलावलेलं नाही. तिच्याकडं टोपी नाही, शिट्टी नाही, प्रमाणपत्र तर नाहीच नाही.

पैशाचं म्हणाल तर जवळच वैशाखऱ्याहून नाणेघाटाची वाट चढते. वर दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी व्यापारी त्यात जकात टाकत, असं सांगतात. दोन हजार वर्षांपूर्वीची ती वसुली निदान घाटात व्हायची. आताच्या रांजणाला क्यूआर कोड म्हणतात आणि तो ठाण्यातच भरतो.

सहली बंद करा असं नाही. उलट वाढवा. धबधब्याखाली दारू पिऊन घसरणाऱ्यांपेक्षा झाडाकडं मान वर करून बघणारे केव्हाही बरे. पावसाळ्यात इथं मनाईचे आदेश काढावे लागतात ते पहिल्यांसाठी, दुसऱ्यांसाठी नव्हे. पण मोह बघायचा तर आदल्या रात्री वाडीवर मुक्कामाला या, चारला उठा आणि टोपलीवाल्या बाईच्या मागून चाला. ती जे सांगेल त्याची फी तिच्या हातावर ठेवा, आयोजकाच्या खात्यात नाही. मेअखेरीस येणार असाल तर शेवळांच्या जुड्या तिथंच विकत घ्या, आणि भाव करू नका.