फेऱ्यात सापडलेले मामा

वेवे गावापाशी जिनिव्हाच्या तळ्यात आठ मीटर उंचीचा स्टीलचा काटा उभा खुपसलेला आहे. काठावरच्या अन्नविषयक संग्रहालयाला दहा वर्षं झाली म्हणून १९९५ साली तो तिथे रोवला गेला. जवळच टोपी-काठीवाला चार्ली चॅप्लिन पुतळा होऊन उभा आहे. १९५३ पासून १९७७ मध्ये जाईपर्यंत त्याचं घर याच परिसरात होतं. मालवणहून आलेल्या मामांनी चॅप्लिनकडे ओझरतं बघितलं. काट्याकडे मात्र ते बराच वेळ बघत राहिले. काटाच एवढा, तर मासा केवढा असेल!

लोझानला नोकरी करणाऱ्या भाचीने मामा-मामींसाठी तळ्याकाठच्या एका भारी रेस्टॉरंटात सात कोर्सांचा माशांचा टेस्टिंग मेन्यू ठरवला होता. ‘गोड्या पाण्यातला मासा’ म्हटल्यावर मामांनी आधीच नाक मुरडलं होतं.

पहिली बशी परातीएवढी. तिच्या मधोमध चमचाभर फेस आणि त्यावर एक पान. मामांनी ते एका घासात आटोपलं.

“चाखून झाला. जेवाण कधी येतला?”

“मामा, हेच जेवण. अजून सहा यायचेत.”

मामींनी पावाची टोपली जवळ ओढून घेतली.

दर बशीबरोबर वेटर माशाची कुळकथा सांगे: कुठल्या कोळ्याने धरला, जाळं कधी ओढलं, लोणी कुठल्या डोंगरावरचं. स्थळ सांगून आल्यासारखं. बशी रिकामी झाली तरी गोत्र संपेना.

तिसऱ्या कोर्सला ‘फेरा’ आला, पातळ कापलेला, कच्चा. मामी म्हणाल्या, “फोडणीला टाकायचा राहिला वाटतं,” आणि आपली बशी मामांकडे सरकवली. भाचीने खालच्या आवाजात घरची गोष्ट फोडली. या तळ्यातला मूळचा फेरा विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नामशेष झाला. आज त्या नावाने मिरवतो तो न्यूशातेलच्या तळ्यातून आणून सोडलेल्या त्याच्या भावकीचा वंश. म्हणजे दत्तक! तळ्याकाठच्या हॉटेलांतून लोक हौसेने खातात त्या पर्चचं तर विचारूच नये. स्वित्झर्लंडमध्ये खपणारा बहुतेक पर्च परदेशातून येतो. मालवणात आंध्रची कोळंबी ‘आमची’ म्हणून विकणाऱ्यांना मामा आजवर शिव्या देत आले होते. “फेरो कोणाक चुकलो नाय,” एवढंच म्हणून त्यांनी मामींची बशीही संपवली.

मग खरा मानकरी आला: ओंब्ल शेवालिए. या तळ्याचा तळ तीनशे मीटरपेक्षा खोल, आणि हा मासा त्यातल्या थंड पाण्यात राहणारा. वेटरने तो अख्खा, डोक्या-शेपटीसकट, नुसता दाखवायला टेबलाशी आणला. मामा पहिल्यांदाच खुर्चीत सावरून बसले आणि वेटर बोलायच्या आत त्यांनी काट्याच्या टोकाने त्याचा कल्ला उचकटला. आत लालभडक.

“ताजो आसा!”

वेटरला भाषा कळली नसावी, पण तो एकदम हसला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मात्र चष्मा लावला.

मासा आत गेला आणि बाहेर आला तो दोन बोटांएवढा तुकडा होऊन, भोवती पिवळसर सॉसचे चार थेंब. मामांचा चेहरा पडला. “मुंडी खंय?” भाचीने फ्रेंचमध्ये विचारलं. वेटरने थेंबांकडे बोट दाखवलं: सॉस काढलाय तो मुंड्या आणि काटे उकळूनच.

मुंडी रश्श्याला, हे मामांना पटलं. त्यांनी काटा बाजूला ठेवला, पाव मोडला आणि बशी पुसायला घेतली. टोपली रिकामी झाल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मामींनी रुमालाखाली राखून ठेवलेले दोन पाव काही न बोलता पुढे केले.