चिठ्ठी परत टाकायची नाही

गणिताच्या पुस्तकातल्या पिशव्या मला नेहमीच गूढ वाटत आल्या आहेत. पिशवीत 5 लाल आणि 3 निळे चेंडू आहेत. एकापाठोपाठ दोन काढले, पहिला परत न ठेवता, तर दोन्ही लाल असण्याची संभाव्यता किती? ते चेंडू कुणाचे आणि बाहेर आलेला पहिला चेंडू त्या माणसाने ठेवला तरी कुठे, हे विचारायची सोय नसते. आपण 5/8 ला 4/7 ने गुणायचं, 5/14 लिहायचं आणि उत्तराखाली दोन रेघा ओढायच्या. पहिला चेंडू परत ठेवला असता तर उत्तर 25/64, म्हणजे जरासं मोठं आलं असतं. एकाने घर सोडलं की मागे राहिलेल्यांचं वजन बदलतं ते असं.

या गणिताचा खरा संसार मात्र भिशीत चालतो. बारा जणी, बारा महिने, स्टीलचा डबा आणि त्यात चौपदरी घडी घातलेल्या चिठ्ठ्या. ‘नीट ढवळ रे!’ अशी चहूकडून ताकीद ऐकत घरातलं सगळ्यात लहान पोर जीभ दातांत धरून हात घालतं. निघालेली चिठ्ठी पुन्हा डब्यात जात नाही. पहिल्या महिन्यात प्रत्येकीची शक्यता 1/12. नाव हुकलेलीची पुढच्या खेपेला 1/11, मग 1/10. हुकण्यातूनच आशा चढत्या भाजणीने वाढावी, अशी उदारता एरवी कुठे भेटते? आणि दुसऱ्या महिन्याची शक्यता आधीच काढायला बसलं, तर 11/12 गुणिले 1/11; वरचे अकरा खालच्या अकरांना घेऊन निघून जातात आणि पुन्हा 1/12 च उरतो. डब्याला खेटून बसलेली आणि दाराशी टेकलेली, दोघी सारख्याच. शेवटच्या महिन्यात डब्यात एकच चिठ्ठी असते. तीही ढवळली जाते, आणि नाव वाचल्यावर टाळ्याही पडतात.

अर्ध्यावर मोडलेल्या जुगाराच्या डावातले पैसे कसे वाटायचे, यावर 1654 साली पास्काल आणि फेर्मा यांनी एकमेकांना पत्रं लिहिली आणि संभाव्यतेच्या शास्त्राने बाळसं धरलं. भिशीत जुगार नाही. जिला तिला आपलेच पैसे मिळतात. फक्त पहिलीला ते बिनव्याजी कर्ज होऊन येतात आणि शेवटची, स्वतःच्या नकळत, बिनव्याजी सावकार ठरते. म्हणून लवकर नाव निघावं असं साऱ्यांनाच वाटतं. तरीही एखाद्या महिन्यात जिचं नाव निघालं ती म्हणते, ‘वहिनी, लेकीची फी भरायचीय ना तुम्हाला? या वेळी तुम्ही घ्या.’ मग ती आपली चिठ्ठी पुन्हा घडी घालून डब्यात टाकते आणि वहिनींची शोधून बाहेर काढते. परत न ठेवण्याची एकुलती एक अट तिथे मोडते. पाठ्यपुस्तकाच्या लेखी हे उदाहरण चुकलं. पण बाराव्या महिन्याला हिशेब पैशापैशाने जुळतो.