कापूस पाहाले अकोल्याले!

आमची शाळा भातकुली तालुक्यात, म्हणजे खारपाणपट्ट्यात. जमिनीखालचं पाणी खारट आणि वरून पडणारं लहरी. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या गावांत पोरगं 'आई' म्हणायला शिकलं, की त्यानंतर 'पाणी नाई' म्हणायला शिकतं. पण त्या वर्षी तिसरी-चौथीच्या सहलीचं नियोजन माझ्याकडे आलं आणि वऱ्हाडात पाणी नाही ही निव्वळ अफवा असल्याचं माझ्या लक्षात आलं. नकाशावर जिथं बोट ठेवावं तिथं पाणीच पाणी.

झालं असं, की शाळेच्या सहलीला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि परवानगीसोबत अटी येतात. समुद्र, नदी, तलाव, विहीर, दरी, उंच टेकडी असल्या ठिकाणी मुलांना न्यायचं नाही. दहा मुलांमागे एक शिक्षक हवा, मुलींसोबत शिक्षिका हवी, पालकांचं लेखी संमतिपत्र हवं, प्रथमोपचाराची पेटी हवी. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजातली 14 मुलं गेली, त्यानंतर हे सगळं जास्तच काटेकोर झालं. त्या अटींना हसायची माझी हिंमत नाही. हसण्यासारखी होती ती माझी यादी.

यादी मी दिवाळीच्या सुटीतच तयार केली होती, रंगीत पेनांनी. पहिल्या नंबरवर लोणार. उल्का आदळून बेसॉल्टच्या खडकात झालेलं पावणेदोन किलोमीटरहून रुंद विवर, 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालेलं पाणी, भूगोल आणि विज्ञान एकाच तिकिटात. मुख्याध्यापिका मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "सरोवर म्हणजे तलावच ना?" लोणार कटलं.

मग चिखलदरा. महाराष्ट्रात कॉफी पिकते हे पोरांना दाखवू म्हटलं. शिवाय भीमानं कीचकाला मारून तिथल्याच दरीत फेकलं, अशी कथा आहे.

"म्हणजे तिथं दरीत पडण्याचा इतिहासच आहे की," मॅडम म्हणाल्या.

कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. तिथं वर्धा नदी तर होतीच, वर मॅडमची वेगळी शंका होती. "जिथून मुलगी पळवून नेली, तिथं न्यायला मुलींचे पालक सह्या देतील का?" सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण मी वाचायच्या आधीच खोडलं. अमरावतीतल्या वडाळी तलावाचं आणि छत्री तलावाचं तर नावच त्यांच्यावर उलटलं. नरनाळा किल्ला सातपुड्याच्या डोंगरावर, खाली जंगल. तो मी नुसता उच्चारला आणि मॅडमनी पाण्याचा ग्लास उचलला.

जीव लागला होता तो बाळापुरात. अकोल्याच्या पलीकडे मन नदीच्या काठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. चौथीच्या पोरांना शिवरायांच्या इतिहासात पुरंदरचा तह असतो. 1665 साल, 23 किल्ले. तोच मिर्झाराजा इथं आपल्या वऱ्हाडात येऊन बसला होता, हे पोरांच्या डोळ्यांना दाखवायचं माझं स्वप्न होतं. वर्गात मी हे सांगितलंही. बाळापूरचा किल्ला वेगळा, तो 1757 मध्ये इस्माईल खानानं पुरा केला, हेही सांगितलं. मागच्या बाकावरून हात वर आला. "सर, मंग 23 धरून हा 24 वा काय?" मी ठरवलं, की या पोट्ट्याला बाळापूर दाखवल्याशिवाय निवृत्त व्हायचं नाही.

"छत्री नदीकाठी आहे," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, डिसेंबरात तिथं गुडघाभरही पाणी नसतं."

"अटीत नदी लिहिलंय. पाणी लिहिलेलं नाही."

शेवटी जागा मॅडमनीच काढली. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. "सपाट आहे," त्या म्हणाल्या. शैक्षणिक मूल्याबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं. वाटेत मूर्तिजापूरला शकुंतला रेल्वे मी हट्टानं घुसवली. रूळ सपाटच असतात.

एसटीची बस शाळेच्या सहलीला अर्ध्या भाड्यात मिळते, त्यामुळे पैशाचं जमलं. संमतिपत्रांचं अवघड गेलं. एका पोराचा बाप शाळेच्या फाटकाशीच उभा राहिला.

"काय पाहाले नेऊन रायले गुरुजी?"

"कृषी विद्यापीठ. कापसाची लागवड वगैरे."

"कापूस पाहाले अकोल्याले? पैसे देऊन?" त्यानं सही केली, पण पेन परत देताना म्हणाला, "मले वेचाले मानसं भेटून नाई रायली, अन् तुम्ही पोट्ट्यायले पऱ्हाटी दाखवाले बसनं नेऊन रायले."

मी समजुतीचं हसलो. या लोकांना निरीक्षणातून शिक्षण म्हणजे काय ते कुठून कळणार! मी स्वतः अमरावतीच्या अंबापेठेतला. कापसाशी माझा संबंध गादीपुरता. पण त्यामुळेच मी विषयाकडे शास्त्रीय नजरेनं पाहू शकत होतो. रात्री जागून मी 'निरीक्षण तक्ता' बनवला, दोन्ही बाजूंनी छापलेला. अमरावतीहून झेरॉक्स काढून आणले, स्वतःच्या खर्चानं. वेळापत्रक मिनिटवार होतं. त्यात 'निसर्गसौंदर्याचा आस्वाद' यालाही दहा मिनिटं राखीव होती.

गावापासून हमरस्त्यापर्यंतचा रस्ता ज्याला माहीत आहे, त्याला पुढचं सांगायला नको. तिसरीतल्या एका पोरीनं पहिल्या मोठ्या खड्ड्यालाच डबा मोकळा केला. डबा म्हणजे पोटातला. मग सगळ्या बसमध्ये आजीबाईंचं वैद्यक सुरू झालं. कुणी लिंबू हुंगतंय, कुणी संत्र्याची साल नाकाला लावतंय. सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे सीटवर पेपर टाकून त्यावर बसायचं, मग ओकारी येत नाही. पेपर कुणी आणला नव्हता. मी आणले होते. मी ड्रायव्हरशेजारी बसून रस्ता समजावून घेत असताना मागं माझ्या निरीक्षण तक्त्यांचं वाटप झालं. माझ्या अध्यापनावर मुलं इतक्या एकमुखानं कधीच बसली नव्हती.

बडनेऱ्यानंतर मात्र रस्ता एकदम गुळगुळीत झाला. इथं माझा गणिताचा तास होता. 2022 च्या जूनमध्ये लोणी ते माना याच पट्ट्यात 75 किलोमीटर लांबीचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग टाकून गिनेस बुकात विक्रम झाला. मी उभा राहून उदाहरण घातलं, "तर मुलांनो, तासाला किती मीटर रस्ता झाला?" रस्त्याचा दर्जा विक्रमी आहे याचा पुरावा मला तिथल्या तिथं मिळाला. एकही पोर जागं नव्हतं. एकटी ती ओकलेली पोरगी जागी होती. तिनं विचारलं, "आपल्या गावचा कवा करतीन?" हे उदाहरण मला सुटलं नाही.

मूर्तिजापूरला मी पुन्हा उभारी धरली. शकुंतला म्हणजे अडीच फुटी अरुंद रूळ, एक फाटा यवतमाळला आणि दुसरा अचलपूरला. इंग्रजांनी तो टाकला वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांत न्यायला. वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, 1921 सालचं, ते 1994 पर्यंत इथं धावलं. देशातल्या बाकी रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी ही गाडी विलायती कंपनीच्या मालकीची राहिली. मी वसाहतवादावर येणार, एवढ्यात मागच्या मोठ्या रुळांवरून कोळशाची मालगाडी आली. चाळीस माना एका क्षणात वळल्या. डबे मोजणं सुरू झालं. एका गटाचे 57 भरले, दुसऱ्याचे 58, आणि हा वाद अकोल्यापर्यंत मिटला नाही. शकुंतलेच्या उभ्या रुळांकडे पाहून एकानं फक्त एवढंच विचारलं, "इच्यातून कापूस काऊन नाई नेत आता?" गाडी बंद आहे म्हणून, असं मी सांगितलं. "का भाव नाई म्हून?" तो म्हणाला.

विद्यापीठाच्या आवारात पोचल्यावर माझं भाषण होतं. मी ते पाठ केलं होतं. पंजाबराव आपल्याच जिल्ह्यातल्या पापळचे, जन्म 27 डिसेंबर 1898. 1932 ला अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढली. भाषण 1932 पर्यंत आलं आणि एकाला शू लागली. शू ही साथीनं येते. 1952 ला पंजाबराव दिल्लीत कृषिमंत्री झाले तेव्हा निम्मा श्रोतृवर्ग रांगेत होता. 20 ऑक्टोबर 1969 ला विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा माझ्यासमोर मॅडम आणि ड्रायव्हर उरले होते. ड्रायव्हरनं टाळी वाजवली.

कापसाच्या प्लॉटवर एक भला साहेब आमची वाट पाहत होता. त्यानं ट्रेमध्ये बोंडं मांडली होती, चांगली आणि अळीनं खाल्लेली मुद्दाम मिसळून. "यातलं गुलाबी बोंडअळी लागलेलं कोणतं, सांगा पाहू?" मी माझ्या उजव्या हाताच्या बोंडाकडे बोट दाखवून पोरांना हळूच खुणावलं. तिसरीतल्या पोरीनं ते उचललं, नखानं टचकन उकललं आणि परत ठेवलं. "हे पावसानं सडलं हाय. अळी याच्यात हाय." तिनं शेजारचं, मला टवटवीत वाटलेलं, बोंड फोडलं. आत गुलाबी अळी वळवळत होती. "अन् हा कवडी कापूस," दुसऱ्यानं पिवळट पडलेला पुंजका उचलला. "हा येगळा ठेवा लागते, नाई त सगळ्याचाच भाव पाडते व्यापारी."

साहेब सरसावून उभा राहिला. मी मागं सरकलो.

कामगंध सापळ्यापाशी त्यानं विचारलं, "हे कशासाठी?" चौथीतला तो 24 व्या किल्ल्याचा पोट्टा म्हणाला, "याच्यात मादीचा वास ठेवते सायेब. मंग नर येते अन् फसते." साहेबानं पाठ थोपटली. मॅडम एकाएकी तुरीच्या शेंगा पाहू लागल्या. जवळच 'पीकेव्ही हायब्रीड-2' या वाणाची पाटी होती. ती वाचून तो म्हणाला, "माया आजा हेच पेरे." मग त्याचं आणि साहेबाचं जे बोलणं झालं, त्यातलं मला फक्त 'हो' आणि 'नाही' कळलं. मी वहीत भराभर लिहून घेत होतो. त्याबद्दल एका पोरीनं दुसरीला सांगितलेलं मी ऐकलं, "सरायले परीक्षा हाय वाटते."

साहेबाला काय वाटलं कोण जाणे, तो म्हणाला, "सर, तुम्ही एखादं बोंड वेचून दाखवा ना मुलांना." मी बाह्या सरसावल्या, बोंड धरलं आणि ओढलं. हातात कापूस आला, टरफलं आली, वाळकं पान आलं, अर्धी फांदी आली. टरफलाचं टोक नखाखाली घुसलं ते वेगळंच. प्रथमोपचाराची पेटी त्या दिवशी एकदाच उघडली, ती माझ्यासाठी. आयोडीन लावताना ती तिसरीतली पोरगी समजावणीच्या सुरात म्हणाली, "तीन बोटानं उचला लागते सर. ओढा नाई लागत."

जेवणं झाली. पोळी, ठेचा, आलूची भाजी, कुणाच्या डब्यात कच्चा चिवडा. वेळापत्रकाची घडी करून मी ती बोटाच्या बँडेजवर दाबून धरली होती. मग आठवण आली, की निरीक्षण तक्ते भरून घ्यायचेत. बरेचसे बसल्यानं चुरगळले होते, काही बसण्याच्याही पलीकडे गेले होते. जे हाती आले त्यांत प्रश्न होता, 'कापसाचे दोन उपयोग लिहा.' उत्तर मला अपेक्षित होतं कापड आणि गादी. एकानं लिहिलं होतं : 1) सोसायटीचं कर्ज देणे. 2) ताईचं लग्न. मी लाल पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं. गुण किती द्यायचे ते अजून ठरलेलं नाही.

सहलीनंतर अहवाल लिहावा लागतो. त्यात 'अध्ययन निष्पत्ती' असा रकाना असतो, म्हणजे कोण काय शिकलं. मी प्रामाणिकपणे लिहायला बसलो आणि बोंडअळी, कवडी, कामगंध सापळा, तीन बोटांनी वेचणी असं बरंच भरलं. मॅडमनी वाचून विचारलं, "हे सगळं मुलं शिकली?" मी गप्प राहिलो. खाली 'मार्गदर्शक व्यक्तीचे पद' असा आणखी एक रकाना होता. मॅडमनी साहेबाचं पद लिहिलं, स्वल्पविराम दिला आणि पुढे लिहिलं, 'इयत्ता तिसरी व चौथी'.

अहवालावर शिक्का मारत होतो तेवढ्यात तो फाटकापाशी भेटलेला बाप आत आला. विद्यापीठातल्या साहेबानं म्हणे पोराकडून त्याचा नंबर घेतला होता आणि फोन करून कोणतं बियाणं लावलं, किती फवारण्या मारल्या, हे सगळं विचारलं होतं. गडी खुशीत होता.

"गुरुजी, पुढच्या साली सहल आमच्या वावरात आना. जेवन माह्याकडे."

मी म्हटलं, "नक्की. मुलांना फार आवडेल."

"पोट्ट्यायले कायले आनता? त्यायले येते," तो माझ्या बँडेजकडे पाहत म्हणाला. "तुम्ही मास्तर लोकं या. वेचाईचे पैसे किलोमागं देतो."

मॅडमनी शिक्का बाजूला ठेवला आणि भाव विचारला.