कोलार रोडचं आरमार

आमच्या घराण्याचा पाण्याशी संबंध ते नळाला कधी येतं एवढ्यापुरताच. आजोबा नागपूरच्या सचिवालयात फायली लावत. 1 नोव्हेंबर 1956 ला नवा मध्य प्रदेश झाला, तेव्हा फायलींबरोबर तेही भोपाळला आले आणि मुंबईचा समुद्र आठशे किलोमीटरच्याही पलीकडे राहिला. त्याबद्दल आमच्यात कुणी कधी हळहळलं नाही. त्यामुळे लेक जेव्हा म्हणाली, "बाबा, मी नेव्हीचा फॉर्म भरलाय," तेव्हा मी पेपरातून मान वर न करता विचारलं, "सकाळची बॅच की संध्याकाळची?"

मला वाटलं, बड्या तालावर शिडाच्या होड्या शिकवतात, तिथलं काही असेल. भोपाळला सराव करणाऱ्या हर्षिता तोमरने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सेलिंगचं ब्राँझ आणल्यापासून आमच्याकडचे आईबाप होडीकडेही ट्यूशनच्या नजरेने बघतात. पण हे प्रकरण निराळं होतं. अग्निवीर! चार वर्षं नोकरी, भरती झालेल्यांतले फार तर पंचवीस टक्के पुढे कायम. अधिकारी म्हणून बायका नौदलात आधीपासून होत्या. नौसैनिक म्हणून मुलींना दार उघडलं ते 2022 साली, याच योजनेतून. आणि त्या दारातून आत जाणाऱ्यांत भोपाळच्या कोलार रोडवरची, पालीला बघून पलंगावर चढणारी आमची कन्या.

पुण्याच्या आत्याबाईंनी फोनवर नापसंती कळवली. "अरे, तुमच्या त्या मध्य प्रदेशात समुद्र तरी आहे का?" मी तयारच होतो. म्हटलं, "आत्या, 2024 च्या एप्रिलअखेर नौदलप्रमुख झालेले ॲडमिरल दिनेश त्रिपाठी आमच्या सतना जिल्ह्यातले आहेत. रीव्याच्या सैनिक शाळेत शिकलेत." आत्याबाई गप्प झाल्या. हे वाक्य मी नंतर दूधवाल्यालाही ऐकवलं. त्याने काहीच विचारलं नव्हतं.

नोव्हेंबरात ती प्रशिक्षणासाठी आयएनएस चिल्काला रुजू झाली आणि मी मराठी मंडळींच्या पंगतीत तिच्या जहाजाचं वर्णन सुरू केलं. रात्री लाटा कशा आदळतात, पहिले काही दिवस पोटात कसं ढवळतं, वगैरे. शेजारी नौदलातून निवृत्त झालेले एक काका बसले होते. त्यांनी श्रीखंड संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग शांतपणे म्हणाले, "अहो, चिल्का हे जहाज नाहीये. ओडिशात सरोवराकाठी, जमिनीवर आहे. नौदल किनाऱ्यावरच्या तळांनाही जहाजासारखीच नावं देतं."

"म्हणजे हलत नाही?"

"1980 पासून तिथेच आहे."

पंगतीत हशा पिकला. मला मात्र मनातून बरं वाटलं. चिल्काही सरोवर, आमचा बडा ताल म्हणजे भोजतालही सरोवर. दोन्ही रामसर यादीतली, ते 1981 पासून, हा 2002 पासून. पोरगी एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर गेलीय, एवढंच. फक्त तिथलं पाणी खारं आहे आणि पहाटे उठवणारं माणूस आई नाही.

पहाटेवरून कल्पना सुचली. ती तिथे एकटी कष्ट उपसणार आणि आपण इथे रजईत? तिचंच वेळापत्रक घरी पाळायचं मी ठरवलं. "तिला आधार वाटेल," असं मी हिला सांगितलं. ही म्हणाली, "तिला कळणार कसं?" बायका फार व्यावहारिक विचार करतात.

मोबाइलवर बिगुलाचा गजर लावला. पहाटे साडेचारला तो वाजला तेव्हा मी सोडून सगळी इमारत जागी झाली. डिसेंबरातल्या भोपाळच्या थंडीत गार पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेतल्यावर माझ्या तोंडून जो आवाज निघाला, त्याला वरच्या मजल्यावरच्या शर्माजींनी आजही चोर म्हणूनच गणलेलं आहे. मग दोरीच्या गाठी. नौसैनिकाला गाठी आल्याच पाहिजेत, म्हणून व्हिडिओ बघून बोलाइन शिकलो. ही गाठ कितीही ताण दिला तरी सरकत नाही आणि ताण काढला की सहज सुटते, असं त्यात म्हटलं होतं. पहिला भाग खरा निघाला. मी ती झोपाळ्याच्या कडीला आणि दुसरी, सोयीसाठी, स्वतःच्या कमरेला बांधली होती. ही भाजी घेऊन येईपर्यंत मी झोपाळ्यावर पेपर वाचत असल्याचा आव आणून बसून राहिलो. तिने काही न विचारता विळीने दोरी कापली आणि मेथी निवडायला घेतली.

राहता राहिलं धावणं. भरतीत मुलींना 1.6 किलोमीटर आठ मिनिटांत आणि पंधरा उठाबशा, असा हिशेब होता. लेकीने तो हसतहसत पार केला होता. मी व्हीआयपी रोडवर, पाण्यात उभ्या असलेल्या राजा भोजाच्या पुतळ्याला नमस्कार करून निघालो. आठ मिनिटं झाली तेव्हा राजा भोज अजून अगदी स्पष्ट दिसत होता. कठड्यावर बसलेला एक पोरगा आपुलकीने म्हणाला, "को खां, चचा, कोई पीछे पड़ा है क्या?" मी मान हलवली, बोलण्याइतका वारा छातीत उरला नव्हता. त्याने मला बसवलं, पाणी दिलं आणि समोरच्या पोहे-जलेबीच्या ठेल्याकडे बोट दाखवलं. त्या दिवसापासून माझी धाव तिथपर्यंतच असते. वजन दोन किलोने वाढलं.

4 डिसेंबर, नौसेना दिन. 1971 साली नौदलाने कराचीवर हल्ला केला त्या रात्रीची आठवण. 2024 ची प्रात्यक्षिकं नेमकी पुरीच्या किनाऱ्यावर, राष्ट्रपतींसमोर. चिल्का आणि पुरी शेजारी शेजारी, म्हणजे लेक टीव्हीवर दिसणारच! मी नातेवाइकांना फोन केले. हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरणाऱ्या कमांडोंपैकी तिसरा मला तिच्यासारखा वाटला. "खांदे बघ, माझ्यावर गेलेत," मी म्हटलं. "त्याला मिशी आहे," ही म्हणाली.

फोनचं प्रकरण मात्र लिहू की नको असं झालंय. तिथे फोन ठरलेल्या वेळी, थोडाच वेळ मिळायचा. कधी स्वतःचा, कधी दुसऱ्या कुणाचा; त्यामुळे अनोळखी नंबर आला की घ्यायचाच, असं ठरलेलं. मी क्रेडिट कार्ड विकणाऱ्या मुलींनाही "जेवलीस का बाळा?" विचारू लागलो होतो. आणि त्याच सुमारास डिजिटल अरेस्टचा बोभाटा झाला. त्याच नोव्हेंबरात सायबर पोलिसांनी भोपाळमधल्याच एका गृहस्थांच्या घरी जाऊन, व्हिडिओ कॉलवरच्या नकली अधिकाऱ्यांच्या तावडीतून त्यांना सोडवलं होतं. हे ठग आता आवाजाचीही हुबेहूब नक्कल करतात, असं मी कुठेसं वाचलं आणि सावध झालो.

रविवारी अनोळखी नंबर. घोगरा, बसलेला आवाज. "बाबा, मी बोलतेय."

"मी कोण?"

"बाबा, वेळ कमी आहे, आईला द्या ना पटकन!"

वेळ कमी आहे! पटकन! ठग नेमकी हीच घाई करतात. मी आवाज कठोर केला. "आधी सांग, आपलं गोत्र काय?"

पलीकडे शांतता. मग, "गोत्र? मला काय माहीत? बाबा, काय चाललंय?"

"बरोबर. माहीत नाहीच तुला," असं म्हणून मी फोन ठेवला, नंबर ब्लॉक केला आणि विजयी मुद्रेने स्वयंपाकघरात गेलो. हिने सगळं ऐकून घेतलं. गॅस बंद केला. ती गॅस बंद करते तेव्हा मला काळजी वाटते. "परेडला घोषणा देऊन तिचा आवाज बसलाय, हे तिने मागच्या रविवारीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "आणि तुम्हाला तरी माहीत आहे का आपलं गोत्र?"

मी म्हटलं, "काश्यप."

"ते ज्यांना माहीत नसतं ते सांगतात."

पुढच्या रविवारपासून फोन हिच्या ओट्यावर, पोळपाटाच्या डाव्या हाताला राहू लागला. मला "बाबा बरे आहेत" या वाक्यापुरतं स्थान मिळालं.

मार्चमध्ये पासिंग आउट परेड. नागपूरला गाडी बदलून, ओडिशात बालुगाव स्टेशनला उतरून आम्ही पोहोचलो. मी तयारीत कसूर ठेवली नव्हती. परेड म्हणजे उन्हात तासन् तास, हे दर 26 जानेवारीला बघतोच. म्हणून काळा चष्मा, रुंद काठाची टोपी, मानेवर ओला पंचा आणि नाकावर पांढरं क्रीम. पण चिल्काला 28 मार्च 2023 ला अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हापासून ही परेड सूर्यास्तानंतर, दिव्यांच्या उजेडात होऊ लागलीय. त्या पहिल्या तुकडीत सुमारे 2,600 जणांत 273 मुली होत्या. परेड अंधार पडल्यावर आहे, हे मला गेटवर कळलं. नाकावरचं क्रीम पुसायला हिने मला तोच पंचा पुढे केला.

अंधारात काळा चष्मा काढला तरी फारसा फरक पडेना. मैदानात पांढऱ्याशुभ्र रांगा, एकसारख्या टोप्या, एकसारखी पावलं. पालीला घाबरणारी पोरगी यांतली नेमकी कोणती? तेवढ्यात दिसली! दुसऱ्या रांगेत, डावीकडून पाचवी. तीच हनुवटी. माझा गळा दाटून आला, मोबाइल थरथरला, पण मी सोडला नाही. पूर्ण परेडभर कॅमेरा तिच्यावरून हलू दिला नाही. आजूबाजूला सांगितलंही, "हमारी बेटी है." शेजारच्या फेटेवाल्या गृहस्थांनी माझ्या स्क्रीनमध्ये डोकावून पाहिलं, मग मैदानाकडे, मग माझ्याकडे.

"भाई साब," ते म्हणाले, "यो तो म्हारी छोरी सै."

आमची चौथ्या रांगेत होती. परेड संपल्यावर ती स्वतः आमच्यापर्यंत चालत आली, ताठ, काळवंडलेली, आणि आईच्या गळ्यात पडली तेव्हा तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबा, नाकाला काय लागलंय?"

तो व्हिडिओ त्या फेटेवाल्या, रोहतकच्या गृहस्थांनी माझ्याकडून तिथेच मागून घेतला. चित्रण उत्तम झालंय, असं त्यांचं मत आहे. त्यांच्या गावात अजून पाहुणे आले की लावतात म्हणे.